‘ई’ने संपणारं नाव हवं आहे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलींच्या नावांविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच जणांना शेवटी दुसरी वेलांटी किंवा ‘ई’ असलेलं नाव हवं आहे. त्यांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : थोरलीचं नाव गौरी आहे. धाकटीचंही ‘ई’ने संपणारं ठेवायचं आहे. मोबाइलवरच्या याद्यांत दर दुसऱ्या नावापुढे ‘देवीचं नाव’ किंवा ‘लक्ष्मी’ एवढंच लिहिलेलं असतं. खरा अर्थ ओळखायचा कसा? (प्रतापनगर)

उत्तर : शेवटची ‘ई’ नावाला कुठून लागली ते पाहा. संस्कृतातून आलेल्या नावांचा अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सगळ्यांत मोठा घोळका ‘अमक्याची लेक’ किंवा ‘अमक्या ठिकाणची’ या नावांचा. यांची खूण अशी की मूळ शब्दाचा पहिला स्वर फुगतो : अ चा आ, इ चा ऐ, उ चा औ. मग शेवटी ई लागते. जनकाची जानकी, पर्वताची पार्वती, द्रुपदाची द्रौपदी, भगीरथाने आणली म्हणून भागीरथी. विदेह हा देश, त्याची वैदेही. मिथिला ही त्याची राजधानी, तिथली मैथिली. म्हणजे जानकी, वैदेही आणि मैथिली तिन्ही सीतेचीच नावं. पण एक बापावरून, दुसरं देशावरून, तिसरं शहरावरून. यादीत तिन्हींपुढे नुसतं ‘सीता’ लिहिलं तर ते खोटं नाही, अर्धवट आहे.

गार्गी म्हणजे गर्ग कुळातली. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत याज्ञवल्क्याला प्रश्नांवर प्रश्न विचारणारी गार्गी वाचक्नवी ती हीच. त्याच उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना संपत्तीची वाटणी करू लागतो, तेव्हा ‘जिच्यामुळे अमरत्व मिळत नाही ती संपत्ती घेऊन मी काय करू’ असं विचारते ती मैत्रेयी. मूळ शब्द मित्र. कुणाची पत्नी किंवा लेक एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही, त्यांनी ही दोन नावं जरूर विचारात घ्यावीत. श्रावणी, कार्तिकी, फाल्गुनी याही याच घरच्या. त्या त्या महिन्याच्या पौर्णिमेची ही नावं. मुलगी पौषात जन्मली आणि नाव श्रावणी ठेवलं तर कुणी अडवत नाही, पण पुढे तीच विचारेल.

वती, मती आणि इनी या तिन्हींचा अर्थ ‘असलेली’. प्रभा असलेली प्रभावती, कमळं असलेली पद्मिनी, माळ घातलेली मालिनी (याच नावाचं पंधरा अक्षरी वृत्तही आहे), तेज असलेली तेजस्विनी. मयी म्हणजे ‘ची बनलेली’ किंवा ‘ने भरलेली’ : मृण्मयी मातीची, हिरण्मयी सोन्याची, चिन्मयी चैतन्याची. आनी म्हणजे पत्नी : भवाची भवानी, इंद्राची इंद्राणी, रुद्राची रुद्राणी. तुमची गौरी सगळ्यांत सरळ : गौर या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप, गोरी.

आता धाकटीचं. गौरीला गार्गी जोडू नका. आतल्या खोलीतून हाक मारली की दोघी ‘ओ’ देतील, नाहीतर एकही देणार नाही. पहिलं अक्षर वेगळं आणि अक्षरांची संख्या वेगळी ठेवली की शेवटची ‘ई’ सारखी असूनही घोटाळा होत नाही. गौरीसोबत मैत्रेयी, वैदेही, शाल्मली ही नावं छान बसतात. शाल्मली म्हणजे काटेसावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडून लालभडक फुलते ती. यादीत हिच्याही पुढे एखाद्या देवीचं नाव सापडलं तर नवल वाटून घेऊ नका.

प्रश्न : आपल्या विदर्भाशी नातं सांगणारं, पण अगदीच जुनाट न वाटणारं नाव सुचवा. (रामटेक)

उत्तर : या बाबतीत विदर्भासारखा श्रीमंत प्रदेश शोधून सापडायचा नाही. जुन्या वाङ्मयात विदर्भ येतो तो बहुतेक राजकन्यांचं माहेर म्हणूनच.

दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची मुलगी (हा भीम पांडवांतला नव्हे). महाभारतातल्या नलोपाख्यानानुसार दमन ऋषींच्या वराने राजाला मुलं झाली, म्हणून त्याने मुलांची नावं दम, दांत, दमन आणि मुलीचं दमयंती ठेवलं. चारही नावं ‘दम्’ या एकाच धातूची. दमयंती म्हणजे नमवणारी, ताब्यात ठेवणारी. रुक्मिणी कौंडिण्यपूरची. रुक्म म्हणजे सोनं, भाऊ रुक्मी आणि बहीण रुक्मिणी. इंदुमती ही विदर्भाच्या भोज राजाची बहीण, अजाची राणी आणि दशरथाची आई. कालिदासाच्या रघुवंशात सहाव्या सर्गात तिचं स्वयंवर आहे. इंदू म्हणजे चंद्र. इंदुमती हे पौर्णिमेचंही नाव आहे.

तुम्ही रामटेकचे, तर प्रभावतीला विसरू नका. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. तो वारल्यावर मुलं लहान होती, तेव्हा राज्यकारभार तिने चालवला. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे तुमच्या शेजारचं नगरधन. काव्यातली नायिका नव्हे, ताम्रपटांतून जिची कारकीर्द कळते अशी खरीखुरी राज्यकर्ती. नाव आज आजीच्या पिढीचं वाटतं खरं, पण घरी ‘प्रभा’ म्हणता येतं आणि कागदावर पूर्ण ठेवता येतं.

आणि वैदर्भी. विदर्भाची ती वैदर्भी, म्हणून दमयंती, रुक्मिणी आणि इंदुमती तिघींनाही हे विशेषण लागतं. संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी ही एक रीती आहे : मधुर, प्रसन्न, लांबलचक समासांचं ओझं नसलेली. काव्यशास्त्रकार वामनाने वैदर्भी, गौडी आणि पांचाली अशा तीन रीती सांगितल्या आणि पहिला मान वैदर्भीला दिला. आमच्या मते ‘ई’च्या नावांत याहून चांगलं वऱ्हाडी-नागपुरी नाव नाही. फक्त त्याची खरी मजा मुलगी पुण्या-मुंबईला शिकायला गेली की कळेल. इथे नागपुरात सगळ्याच पोरी वैदर्भी.

प्रश्न : मुलीचं नाव अदिती. सासरची मंडळी हिंदी भाषक. ते ‘अदिति’ लिहितात, मी ‘अदिती’. दवाखान्यातल्या फॉर्मवर पहिली वेलांटी पडली आहे. बरोबर कोण? (सदर)

उत्तर : आपापल्या भाषेत दोघंही. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्व, हिंदीत तो तसाच लिहितात. मराठी शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे असे शब्द शेवटी दीर्घ लिहायचे आणि व्यक्तिनामांनाही तोच नियम. कवी, गती, हरी यांच्यासारखंच अदिती, श्रुती, कीर्ती, प्रीती, द्युती. म्हणजे तुम्हाला हवी असलेली ‘ई’ या नावांत संस्कृताने दिलेली नाही, मराठीने दिली आहे. अवनीचंही तसंच, अवनि म्हणजे पृथ्वी. (२०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात मारली गेलेली वाघीण याच नावाने देशभर गाजली. विदर्भात हे नाव सांगितलं की वाघिणीची आठवण निघतेच. काहींना ते आवडतं.)

अर्थात अडतो तो कागद. महाराष्ट्रातला जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत असतो, हिंदीसाठी वेगळी ओळ नाही. तेव्हा मराठीच्या ओळीत दुसरी वेलांटी घाला. रोमन लिपीत दोन्ही रूपं ‘आय’नेच संपतात, त्यामुळे सासर-माहेरचा वाद तिथे आपोआप मिटतो. शाळेत हिंदीच्या वहीवर मुलीने पहिली वेलांटी काढली तर रागावू नका, ती चूक नाही.

प्रश्न : नाव ठरलं नाही म्हणून जन्मनोंदीत रकाना कोरा सोडला आहे. किती दिवस सोडता येतो? नंतर बदल करता येतो का? (मानेवाडा)

उत्तर : जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ती दवाखानाच देतो. नाव त्याच वेळी द्यायची सक्ती नाही. नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा बारशाच्या आदल्या रात्री घाईघाईत काहीतरी लिहून टाकण्यापेक्षा महिनाभर रकाना कोरा राहिलेला परवडतो. मात्र शाळाप्रवेश येईपर्यंत ताणू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार अशा कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, आणि तिथे जे नाव असेल तेच सगळीकडे उतरत जातं.

बदलाचं म्हणाल, तर टंकलेखनातली चूक पुरावा दाखवून दुरुस्त होते. मूळ नोंद खोडत नाहीत, पानाच्या कडेच्या समासात दुरुस्तीची नोंद करतात. पण ‘मृण्मयी ठेवलं होतं, आता मैथिली हवं’ ही चूक नव्हे, तो नावबदल. त्याचा रस्ता राजपत्रातून जातो आणि तो लांबचा आहे. म्हणून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज देताना नाव तोंडी सांगू नका. दोन्ही लिप्यांत ठळक लिहिलेली चिठ्ठी अर्जासोबत द्या आणि दाखला हातात आला की खिडकीपाशीच अक्षर न् अक्षर वाचा. ‘ई’च्या नावांत हमखास घसरणाऱ्या जागा तीन : शेवटची वेलांटी, न आणि ण, आणि जाह्नवीतला ह्न. जाह्नवी हे जह्नू ऋषींवरून आलेलं नाव. त्यांनी गंगा पिऊन टाकली आणि पुन्हा बाहेर सोडली, म्हणून ती त्यांची लेक. व्युत्पत्तीप्रमाणे ह आधी, न नंतर. मराठीत उच्चाराप्रमाणे जान्हवी रूढ आहे आणि तेही चालतं. दोन्हींपैकी कुठलंही घ्या. पण दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं असं करू नका, रोमन लिपीतही ‘एच’ आणि ‘एन’ यांचा क्रम एकच ठेवा.

आणखी एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं पूर्ण नाव मुलीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं आहे. त्यामुळे आईचं नाव आता मुलीच्या नावाला अगदी खेटून येतं. आई रोहिणी आणि मुलगी मोहिनी असेल तर हजेरी घेणाऱ्या बाईंची जीभ वळणारच. पूर्ण नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा.

प्रश्न : रागिनी की रागिणी? (धंतोली)

उत्तर : रागिणी. शब्दात आधी र, ष किंवा ऋ आला की पुढच्या न चा ण होतो : रोहिणी, रुक्मिणी, हरिणी, तरंगिणी. मात्र मध्ये च, ट, त वर्गांतलं अक्षर किंवा श, स, ल यांपैकी काही आडवं आलं तर होत नाही. म्हणून रजनी (मध्ये ज), प्रियदर्शिनी (मध्ये श). मृणालिनीत दोन्ही आहेत : ऋ मुळे पहिला ण, आणि ल आडवा आल्याने शेवटचा न तसाच. र-ष-ऋ नसेल तर प्रश्नच नाही : यामिनी, नलिनी, शिवानी. ‘रागिनी’ हे हिंदीतलं रूप, नागपुरात ते कानावर जास्त पडतं एवढंच.

प्रश्न : आम्ही बौद्ध आहोत. पाली परंपरेतलं, ‘ई’ने संपणारं नाव हवं. सुजाता, विशाखा, संघमित्रा, यशोधरा सगळी ‘आ’ची निघतात. (इंदोरा)

उत्तर : ‘ई’चीही आहेत आणि मोठी आहेत. गोतमी हे पहिलं. महापजापती गोतमी ही सिद्धार्थाची मावशी, तिनेच त्याला वाढवलं आणि भिक्षुणी संघातली ती पहिली. किसा गोतमी म्हणजे जिला बुद्धांनी, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरून मोहरी आणायला सांगितलं ती. दोघींच्या गाथा थेरीगाथेत, म्हणजे थेरींच्या (ज्येष्ठ भिक्षुणींच्या) पाली पद्यसंग्रहात आहेत. मूळ पाली रूप गोतमी, संस्कृत वळणाचं गौतमी. गौतमी हे गोदावरीचंही नाव असल्यामुळे, परंपरा स्पष्ट दिसावी असं वाटत असेल तर काना-मात्रेचं ‘गोतमी’च लिहा, आणि अर्जावर ठळक लिहा, नाहीतर समोरचा माणूस ‘सुधारून’ गौतमी करतो.

आम्रपाली ही वैशालीची, पालीत अंबपाली. आमराईत सापडली म्हणून हे नाव. आपली आमराई तिने संघाला दान दिली. तिचीही गाथा थेरीगाथेत आहे, वार्धक्यात एकेक अवयव कसा बदलला यावरची. (आंब्याची आम्रपाली नावाची जात आहे, दशहरी आणि नीलमच्या संकराची. उन्हाळ्यात मुलीला थोडी थट्टा सोसावी लागेल.) सामावती ही कोसंबीच्या उदेन राजाची राणी. मैत्रीभावनेत अग्र उपासिका म्हणून तिचा उल्लेख येतो. हे नाव फार कमी ऐकू येतं, वर्गात दुसरी निघायची नाही. इसिदासीही थेरीच, पण अर्थ ‘ऋषीची दासी’, तो आज कुणाला रुचेल असं वाटत नाही. आणि साधं, सुटसुटीत मैत्री, पालीतली मेत्ता : मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतलं (मनाच्या उदात्त अवस्थांतलं) पहिलं, आणि चौघांतलं ‘ई’चं एकटंच.

प्रश्न : हस्त नक्षत्राचं चौथं चरण, गुरुजींनी ‘ठ’ अक्षर दिलं. ‘ठ’वरून ‘ई’ने संपणारं काय ठेवणार? (नंदनवन)

उत्तर : ठमी सोडून काही सुचत नाही, आणि ते तुम्ही ठेवणार नाही. २७ नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणं, अशी १०८ अक्षरं चक्रात बसवली आहेत. त्यांत ज्यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही असे ङ, ञ, ण सुद्धा आहेत. म्हणूनच आपल्याकडे जन्मनाव पत्रिकेपुरतं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ही सोय आहे. गुरुजींनाही ती मान्य असते, विचारून पाहा. तरीही धागा जोडायचाच असेल तर हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ; त्यातला ‘पू’ घ्या. ऱ्हस्व ‘पु’ही त्यातच धरतात. पुष्करिणी म्हणजे कमळांचं तळं. पूर्वी हे रागाचं नाव आहे आणि अर्थ ‘पूर्वेची’. मात्र मराठीत ‘पूर्वी शाळेत जायची’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, तेव्हा जरा जपून. नक्षत्राऐवजी रास धरली तर कन्येत पा, पी, पे, पो हीही अक्षरं येतात. मग पल्लवी (पल्लव म्हणजे कोवळी पालवी), पद्मिनी, पांचाली अशी भरपूर मोकळीक मिळते.

प्रश्न : आर्वी किंवा अन्वी ठेवावं का? यादीत आर्वीचा अर्थ ‘शांती’ दिला आहे. (मनीषनगर)

उत्तर : तसा अर्थ संस्कृतातून काढता येत नाही. आर्वी हे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ‘आर्वी कुठली?’ ‘नागपूरची,’ हा संवाद मुलगी जन्मभर ऐकेल. शिवाय हिंदीत अरवी म्हणजे अळूचा कांदा, आणि आपल्या शहरात निम्मा बाजार हिंदीत चालतो. अन्वीचंही तसंच. त्याच्या जवळचे खरे शब्द दोन : अन्विता म्हणजे युक्त, जोडलेली; आणि अण्वी म्हणजे सूक्ष्म, नाजूक. कानाला गोड लागतं म्हणून ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, आवड हेही कारण पुरेसं आहे. फक्त बारशाच्या पत्रिकेवर अर्थ छापू नका. अर्थासकट तसाच नाद हवा असेल तर जाह्नवी, भैरवी, पल्लवी आहेतच.

प्रश्न : दोनच अक्षरी, अस्सल मराठी नाव हवं. (महाल)

उत्तर : सई, जाई, जुई, ओवी. सखीची प्राकृतात सही झाली आणि मराठीत सई, अर्थ मैत्रीण. शिवाजी महाराजांच्या राणीचं सईबाई हे नाव यातलंच. जाती या फुलाची जाई, यूथिकेची जुई. ओवी म्हणजे जात्यावरची आणि ज्ञानेश्वरीतलीही. तीन अक्षरं चालत असतील तर सायली आणि अबोली. अबोलीला वास नसतो, पण गजऱ्यात रंग तिचाच उठून दिसतो.

सईचं रोमन स्पेलिंग आधी ठरवा. ‘एस ए आय’ लिहिलं की नागपुरात सरळ ‘साई’ वाचतात आणि मुलगा समजतात. ‘एस ए ई ई’ दिसायला विचित्र वाटतं, पण निदान ‘साई’ होत नाही. बाकी ‘ई’च्या लांब नावांना शेवटी एक ‘आय’ पुरतो. गौरीला, मैत्रेयीला डबल ई लावलं तर प्रत्येक फॉर्मवर ते सांगत बसावं लागतं.